मोडलेल्या पलटणीचे स्मारक : १११ महारच्या नावांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२३

१११ महार ही पलटण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या हातकणंगले तालुक्यातून आणि आसपासच्या गावांतून तिच्यात भरती होऊन परत न आलेल्या शिपायांच्या नावांचा दगडी फलक गावात उभारण्याचे आजच्या बैठकीत ठरले. सध्याची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, आणि त्या निमित्ताने माजी सैनिक आज एकत्र जमले होते. चालू रेजिमेंटला केंद्र असते, दप्तर असते, विचारायला माणूस असतो. मोडलेल्या पलटणीला यातले काहीच नसते, त्यामुळे तिचे स्मारक करणाऱ्याला दप्तराचे कामही स्वतःच करावे लागते.

बैठकीचा बहुतेक वेळ चौथरा किती फुटांचा असावा आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावे यात गेला. शेवटी महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांनी विचारले, की दगडावर लिहायची नावे कोणाजवळ आहेत. ती कोणाजवळच नव्हती. आधी यादी पूर्ण करायची आणि त्यानंतरच दगडाला हात लावायचा, असा ठराव तिथल्या तिथे झाला. खर्चाचा अंदाज दीड लाख रुपये धरला असून तो लोकवर्गणीतून उभा करायचा आहे.

१५ ऑक्टोबर २०२३

यादीचा मुख्य आधार कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था, हिच्या संगणकीय नोंदी हा आहे. त्या सर्वांना विनामूल्य पाहता येतात आणि पलटणीच्या नावाने शोधता येतात. एका शिपायाच्या नोंदीत साधारणपणे त्याचा क्रमांक, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे नाव असते; नशीब असेल तर वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही सापडतो. शोधणाऱ्याने दोन गोष्टी प्रथमच लक्षात ठेवाव्यात. नोंदीतील स्मारक म्हणजे मृत्यूचे ठिकाण नव्हे. दिल्लीच्या इंडिया गेटवर जी सुमारे १३,३०० नावे आहेत, ती मुख्यत्वे वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. नोंदीत दिल्ली दिसली म्हणून शिपाई दिल्लीत वारला असे लिहिणे चूक ठरेल. दुसरी गोष्ट अशी, की एखाद्या स्मारकावर नाव कोरलेले नाही म्हणजे नोंदच नाही, असेही समजू नये. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्यांसाठी १९२९ साली खुल्या झालेल्या बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीखाली केवळ संख्या दिली गेली आणि नावे वह्यांमध्ये राहिली. या वागणुकीतील विषमता त्या कमिशनने २०२१ साली स्वतःच्या अहवालात मान्य केली आहे. आमच्या कामामागे हेही एक कारण आहे, आणि म्हणूनच फलकावर संख्या अजिबात लिहायची नाही, फक्त नावे लिहायची, असे ठरले.

सर्वाधिक वेळ गावांच्या नावांनी घेतला. नोंदी रोमन लिपीत आहेत आणि रोमन लिपीला ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘द’ आणि ‘ड’ यांतला फरक कळत नाही. त्यामुळे शिरोली आणि शिरोळ शेजारी येऊन बसतात, वडगाव आणि टाकळी ही नावे तर जिल्ह्यात पावलोपावली आहेत. काही नोंदींत ‘आळते’ आढळल्यावर आमच्यातील तरुण आळते गावात चौकशी करून रिकाम्या हाताने परत आले. संस्थानी काळात आजच्या हातकणंगले तालुक्याला आळते पेटा म्हणत, आणि नोंदीतील आळते हा तालुका होता, गाव नव्हे. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी आजचा तालुक्यांचा नकाशा बाजूला ठेवून करवीर (कोल्हापूर) संस्थानातील पेटे आणि जहागिरी यांची यादी आधी हाताशी घ्यावी; आमचा बराच वेळ त्यामुळे वाचला असता.

५ नोव्हेंबर २०२३

आज सर्वांत अवघड बैठक झाली. प्रश्न असा आला, की जे लढाईत गोळी लागून न मरता आजाराने मेले, त्यांना फलकावर घ्यावे काय. ही पलटण उशिरा उभी राहिली आणि तिला मोठ्या रणांगणावर फारसे उतरावे लागले नाही. शिवाय १९१८ साली मानमोडीच्या तापाने, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीने, छावण्या आणि गावे सारखीच पोखरली होती. काही तरुणांचे म्हणणे होते, की तापाने गेलेल्याला हुतात्मा म्हटले तर लोक हसतील.

माझे मत मी बैठकीत मांडले आणि येथेही नोंदवतो. कमिशनचा नियम असा आहे, की ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात जो सेवेत असताना वारला, तो कोणत्याही कारणाने वारला असला तरी युद्धमृतांत गणला जातो. आमच्या हाती असलेल्या नोंदींत मृत्यूचे कारण बहुधा दिलेलेच नाही, त्यामुळे गोळीने गेलेले आणि तापाने गेलेले असे दोन भाग करायचे म्हटले तरी करता येणार नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १८९० नंतरच्या दशकात महारांची सैन्यातील भरती बंद झाली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी सरकारकडे अर्ज केले, आणि ती उघडली तेव्हा महायुद्ध सुरू होते. त्या उघडलेल्या दारातून जे आत गेले ते कशाने मेले, यावरून आपण शंभर वर्षांनी त्यांची प्रतवारी करू नये. सुभेदारसाहेबांनी याला दुजोरा दिला आणि ‘हुतात्मा’ऐवजी ‘सेवेत असताना मृत्यू पावलेले’ असा मजकूर सुचवला. तो एकमताने मान्य झाला.

दुसरा प्रश्न आडनावांचा होता. नोंदीत शिपायाचे नाव आणि फार तर वडिलांचे नाव एवढेच असते, आणि जुन्या नावांना बहुधा ‘नाक’ हा प्रत्यय असतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावांतही तो दिसतो. आज त्याच घरांची आडनावे निराळी आहेत. काही कुटुंबांना आजचे आडनाव हवे होते, काहींना ‘नाक’ हा प्रत्यय दगडावर नको होता. एका आजींनी सांगितले, “कागदात हाय तसंच लिवा बाबा, न्हाईतर त्यो आमचाच कशावरनं?” त्यांच्या या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते, आणि निर्णय त्याच दिशेने झाला. दगडावर नोंदीतील नाव जसेच्या तसे येईल. आजचे आडनाव, वारसांची माहिती आणि घरातील आठवण एका जाड वहीत लिहून ती वही गावच्या वाचनालयात ठेवली जाईल. दगड बदलता येत नाही, वही वाढवता येते.

१९ नोव्हेंबर २०२३

जागेचा शोध घेताना पहिली पसंती ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेला होती, कारण ती मोक्याची आणि फुकट होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथे किती पाणी होते, याच्या खुणा शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर आजही दिसतात. पुराच्या पाण्यात दगड वाहून जात नाही, हे खरे. परंतु पाया खचतो, गाळ सांध्यांत बसतो, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते त्या वेळी गावातील कोणालाही स्मारकाकडे पाहायला सवड नसते. ही जागा सोडून वाचनालयाच्या बाजूची उंचावरची गावठाणातील जागा निवडली. ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला. पुतळा नसल्यामुळे परवानग्यांची लांबलचक साखळी टळली. इतरांनाही माझा हाच सल्ला राहील, की पुतळ्याच्या मोहात पडू नये.

१० डिसेंबर २०२३

नवी जागा उंचावर असली तरी वरचा थर काळ्या मातीचा निघाला. मिस्त्रींचा अंदाज अडीच फूट खोदाईचा होता. चाचणीसाठी कोपऱ्यात एक खड्डा घेतला असता कठीण मुरूम जवळपास साडेचार फुटांवर लागला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला चौथरा दोन-तीन वर्षांत तिरका होतो, हे गावातील कोणत्याही जुन्या पाराकडे पाहून समजते. पूर्ण खोदाई करून खाली मुरूम कुटून भरला, त्यावर साधे काँक्रीट आणि वर सळईचा पट्टा घेतला. पायाचा खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट होऊन ६२,००० रुपये झाला. समितीत नाराजी होती, कारण एवढे पैसे जमिनीखाली गेले आणि वर काहीच दिसत नव्हते. तरीही सगळ्या कामात हाच पैसा योग्य ठिकाणी लागला असे माझे मत आहे.

७ जानेवारी २०२४

चौथऱ्यासाठी टोपच्या खाणीतील काळा दगड घेतला. आयता मशीनने कापलेला दगड स्वस्त पडत होता. पण आम्ही पाथरवटांनी टाकीने घडवलेला दगड निवडला; त्यावर शेवाळ धरले तरी तारेच्या ब्रशने निघते. घडाई, मजुरी आणि दगड मिळून ८४,००० रुपये झाले.

उशीर मात्र भलत्याच कारणाने झाला. ऊसतोडणी ऐन भरात असल्यामुळे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि मजूर यांपैकी काहीही मिळेना. दगड खाणीवर पडून होते आणि गावात पाथरवट बसून होते. कोल्हापूर जिल्ह्यात असे काम काढणाऱ्याने वाहतूक दिवाळीपूर्वी उरकावी किंवा कारखाने बंद होण्याची वाट पाहावी. मधल्या काळात जादा भाडे देऊनही खात्री नसते.

२८ जानेवारी २०२४

नावांचा फलक आला आणि तो परत पाठवावा लागला. काळ्या ग्रॅनाइटच्या गुळगुळीत पाटीवर लेसरने अक्षरे उमटवून घेतली होती. दुकानात दिव्याखाली ती सुरेख दिसत होती. चौथऱ्यावर टेकवून पाहिली तेव्हा दुपारच्या उन्हात पाटीत समोरचे झाड दिसत होते आणि नावे दिसत नव्हती. लेसरने दगडाची केवळ वरची चकाकी जाते, खोली जवळजवळ नसते, त्यामुळे अक्षराला सावली पडत नाही. तिरप्या उजेडात सावलीमुळे वाचता येणे, हाच तर कोरीव अक्षराचा फायदा असतो.

याहून गंभीर दोष मजकुरात होता. आम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर दुकानदाराने त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला होता, आणि त्या बदलात काही रफार पुढच्या अक्षरावर सरकले, काही वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ झाल्या. दोन नावे वाचताच येत नव्हती. ज्या शिपायांची नावे शंभर वर्षे रोमन लिपीत अडकून पडली होती, ती मराठीत आणताना पुन्हा मोडावीत हे कोणालाच सहन होण्यासारखे नव्हते. दुकानदाराने अर्धे पैसे परत करण्यासही नकार दिला. २१,००० रुपये वाया गेले; पाटी पालथी घालून वाचनालयाच्या दारातील बाकासाठी वापरली आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

दुसरा फलक दुसऱ्या कारागिराकडे दिला आणि या वेळी क्रम बदलला. प्रथम मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून घेतला आणि तो वाचनालयाच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवला. ज्यांच्या घरची नावे आहेत त्यांनी ती मोठ्याने वाचायची आणि खाली सही किंवा अंगठा करायचा, असे ठरले. या वाचनात वडिलांच्या नावातील एक चूक सापडली, जी आमच्यापैकी कोणाच्याच नजरेला आली नव्हती. सह्यांचा हा कागद वहीत जपून ठेवला आहे. अक्षरांची मांडणी मजकुराच्या स्वरूपात न देता रेषांच्या आकृतीच्या स्वरूपात दिली, म्हणजे फाँट बदलण्याचा प्रश्नच उरला नाही.

अक्षरे वाळूच्या फवाऱ्याने खोदायची होती. या पद्धतीत दगडावर रबरी पत्रा चिकटवतात, अक्षराचा भाग कापून काढतात आणि उघड्या जागेवर दाबाने वाळू मारतात. देवनागरीची अडचण अशी, की ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटात रबराचे छोटे तुकडे एकटे उरतात आणि फवाऱ्याच्या माऱ्याने ते उडतात. मग ‘व’ची गाठ भरून जाऊन त्या जागी नुसता खळगा राहतो. नमुन्याच्या तुकड्यावर हे दिसून आले, म्हणून अक्षराची उंची वाढवून एक इंच केली आणि जाड, मोकळ्या पोटाचे वळण निवडले. अक्षरे मोठी झाल्यामुळे एका पाटीऐवजी दोन पाट्या लागल्या. खोली तीन मिलिमीटर मागितली आणि ती खिळा घालून तपासली. दोन्ही पाट्यांचा खर्च अक्षरांसह ४७,००० रुपये आला. नमुन्याचा तुकडा मागायला कोणीही संकोच करू नये. चांगला कारागीर तो आनंदाने करून देतो.

चिन्हाचा प्रश्नही याच बैठकीत मिटला. तरुणांना फलकाच्या माथ्यावर महार रेजिमेंटचे आजचे चिन्ह हवे होते. माजी सैनिकांनीच त्याला विरोध केला. ते चिन्ह चालू रेजिमेंटचे आहे, ते विनापरवाना वापरू नये, आणि शिवाय ज्यांनी ते कधी खांद्यावर लावले नाही त्यांच्या नावांवर ते बसवणे खोटेपणाचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कोरेगावच्या स्तंभाची छोटी प्रतिकृती करण्याची सूचनाही आली. तो स्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा आहे, त्या वेळची पलटण वेगळी होती. आमच्या शिपायांची ओळख दुसऱ्याच्या पराक्रमातून करून देण्याची गरज नाही, असे मी म्हटले आणि सूचना मागे पडली. माथ्यावर केवळ ‘१११ महार, १९१७–१९२१’ एवढेच आहे.

१७ मार्च २०२४

पाट्या बसल्या. हायड्रा क्रेन आणि वाहतूक यांचे ११,५०० रुपये झाले. माणगावची परिषद २१ आणि २२ मार्च १९२० रोजी आमच्याच भागात भरली होती, राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते, आणि त्या वेळी ही पलटण अद्याप मोडलेली नव्हती. म्हणून अनावरणासाठी २२ मार्च ही तारीख धरली होती. काल लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागू झाली. लोकप्रतिनिधींना बोलावणे, त्यांच्या नावाची कोनशिला लावणे आणि डिजिटल फलक उभे करणे हे सर्व बाद झाले. निवडणूक संपेपर्यंत थांबावे असा आग्रह काहींनी धरला. मला मात्र हे बरेच वाटले, कारण कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरून सुरू झालेला वाद एका दिवसात संपला. अनावरण ठरल्या दिवशी होईल, नावे वारसदार वाचतील, आणि कोनशिला असणारच नाही.

१६ जून २०२४

पहिल्याच मोठ्या पावसानंतर डाव्या पाटीच्या खालच्या कडेला पांढरा लोणा आला. पाट्या बसवताना त्यांच्या मागे सिमेंटची पातळ लापशी भरून त्या चिकटवल्या होत्या. वरच्या सांध्यातून पाणी आत गेले, सिमेंटमधील क्षार घेऊन खाली उतरले आणि बाहेर पडताना वाळले. लोणा पुसता येतो, परंतु आतले पाणी तसेच राहिले तर पाटी सुटते. शिवाय अक्षरांत भरलेला सोनेरी रंग एका उन्हाळ्यातच पोपडे धरू लागला होता.

पावसाळ्यात काढाकाढी करणे धोक्याचे असल्यामुळे तात्पुरता वरचा सांधा बंद करून ताडपत्री बांधली. सोनेरी रंग मात्र लगेच खरवडून काढला. रंगाविना नावे अधिक स्वच्छ वाचता येतात. तीन मिलिमीटरची खोली पुरेशी आहे.

१ डिसेंबर २०२४

जुलैत पंचगंगेने धोका पातळी ओलांडली तेव्हा ओढ्याकाठची ती पहिली जागा पाण्याखाली होती. चौथरा कोरडा राहिला आणि ओळंबा लावून पाहिला असता जराही कललेला नाही.

पाऊस संपून दगड वाळल्यावर दोन्ही पाट्या उतरवल्या. मागचे सिमेंट छिन्नीने काढून प्रत्येक पाटी आता न गंजणाऱ्या पोलादाच्या चार खुंट्यांवर बसवली आहे. पाटी आणि चौथरा यांच्यात बोटभर पोकळी ठेवली असून खाली पाणी निघून जाण्यास दोन छिद्रे आहेत, आणि वर दगडाचीच पुढे आलेली पागोळी दिली आहे. या दुरुस्तीला ९,५०० रुपये लागले. सुरुवातीलाच असे केले असते तर याच्या निम्म्यात भागले असते. वही, छपाई आणि नकला यांचे ६,००० रुपये धरून एकूण खर्च २,४१,००० रुपये झाला, म्हणजे अंदाजापेक्षा ९१,००० रुपये अधिक. त्यातील वाया गेलेला भाग पहिल्या पाटीचा आणि या दुरुस्तीचा, बाकी सर्व जागेवर आहे. हिशेबाची प्रत वाचनालयातील वहीला जोडली आहे.

उजव्या पाटीच्या तळाशी दोन ओळींची जागा हेतुतः कोरी सोडलेली आहे. एका शिपायाच्या नोंदीत गाव स्पष्ट आहे, परंतु त्याच नावाची दोन गावे दोन पेट्यांत आहेत आणि दोन्हीकडील घरे तो आपला असे सांगतात. पेट्याचा उल्लेख असलेला एखादा कागद मिळेपर्यंत ते नाव दगडावर घेतलेले नाही. वहीत मात्र दोन्ही घरांची माहिती लिहून ठेवली आहे. पुढे नाव कोरायचे झाल्यास पाटी न उतरवता जागेवरच खोदता यावी म्हणून अक्षरांच्या आकृतीची संगणकीय प्रत आणि उरलेला रबरी पत्रा कारागिराकडून मागून घेऊन वाचनालयाच्या कपाटात ठेवला आहे.